चिक चॉकलेट

चिक चॉकलेट (मूळ नाव: अँटोनियो झेवियर वाझ; इ.स. १९१६, हळदोणे, गोवा – मे, इ.स. १९६७) हे भारतीय ट्रंपेटवादक, वाद्यवृंदप्रमुख आणि चित्रपटसंगीतकार होते. अमेरिकन वादक लुई आर्मस्ट्राँग यांची शैली त्यांनी इतकी आत्मसात केली होती की, ते भारताचे लुई आर्मस्ट्राँग म्हणून ओळखले जात. मुंबईतील जॅझ आणि हिंदी चित्रपटसंगीत यांना जोडणाऱ्या गोमंतकीय वादकांमध्ये त्यांचे स्थान महत्त्वाचे आहे.

== बालपण व शिक्षण ==
वाझ यांचा जन्म बार्देस तालुक्यातील हळदोणे या गावी झाला. गोव्यात त्या काळी पोर्तुगीज राजवट होती. गावोगावच्या चर्चला जोडलेल्या शाळांत मुलांना स्वरलिपी वाचणे, ती तालात गाऊन दाखवणे आणि व्हायोलिनसारखे वाद्य वाजवणे शिकवले जाई. वाझ यांचा पायाही अशाच शाळेत घातला गेला. या शिक्षणामुळे समोर ठेवलेला कागद पाहताक्षणी वाजवू शकणारे वादक गोव्यातून बाहेर पडत, आणि लष्करी बँड, संस्थानिकांचे वाद्यवृंद, जहाजे व हॉटेले यांत त्यांना सहज काम मिळे. मात्र जॅझ आणि ब्लूज यांचा गाभा कागदावर नव्हता.

== ब्लूजचे शिक्षण ==
ब्लूजचा सांगाडा दिसायला साधा आहे. बारा मात्राखंडांचे एक आवर्तन असते. त्यातील पहिले चार खंड षड्जाच्या स्वरसंघाचे, पुढील दोन मध्यमाचे, दोन पुन्हा षड्जाचे, नंतर एक पंचमाचा व एक मध्यमाचा, आणि शेवटचे दोन परत षड्जाचे असतात. स्वरही मोजकेच आहेत: षड्ज, कोमल गंधार, दोन्ही मध्यम, पंचम आणि कोमल निषाद. धानी रागाच्या स्वरांत तीव्र मध्यमाची भर घातली की हीच स्वरपंक्ती तयार होते, असे हिंदुस्थानी संगीताच्या परिभाषेत म्हणता येईल. अर्थात स्वर सारखे असले तरी राग आणि ब्लूज एक नव्हेत.

खरी अडचण पुढे येते. ब्लूजमधील गंधार बहुधा कोमल आणि शुद्ध यांच्या मधल्या जागी लागतो, आणि पाच रेषांच्या स्वरलिपीत त्या जागेला नेहमीचे चिन्ह नाही. लयीचेही तसेच आहे. एका मात्रेचे दोन स्वर कागदावर समान लिहिलेले असतात. वाजवताना मात्र पहिला लांबतो, दुसरा आखूड होतो आणि जोर दुसऱ्या व चौथ्या मात्रेवर येतो. लिहिले आहे तसेच वाजवणाऱ्या शिस्तबद्ध वादकाचे जॅझ त्यामुळे कवायतीसारखे ऐकू येते. चर्चच्या शाळेत मिळालेली अचूकता येथे काही अंशी विसरावी लागे.

गिटारवादकाला या बाबतीत थोडी सवलत असते. स्वरपंक्तीचा आकार बोटांत एकदा बसला की तोच आकार मानेवर वर-खाली सरकवून दुसऱ्या पट्टीत वाजवता येतो, आणि मधल्या जागेचा स्वर तार किंचित ओढून काढता येतो. ट्रंपेटला तीनच कळा असतात. प्रत्येक पट्टीसाठी बोटांची रचना निराळी शिकावी लागते, आणि स्वर वाकवायचा तो ओठांच्या ताणाने किंवा कळ अर्धवट दाबून. सर्व बारा पट्ट्यांतील पलटे घोटल्याशिवाय ऐनवेळी सुचलेले वाजवता येत नाही.

हे शिकवणारी शाळा भारतात नव्हती. तीन मिनिटांच्या ध्वनिमुद्रिका पुन्हा पुन्हा ऐकणे हाच अभ्यास होता. इ.स. १९३५ पासून मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात लिऑन ॲबी, नंतर क्रिकेट स्मिथ व टेडी वेदरफर्ड या कृष्णवर्णीय अमेरिकन कलावंतांचे वाद्यवृंद येऊ लागले आणि गोमंतकीय वादकांना ही लय प्रत्यक्ष ऐकता आली. फ्रँक फर्नांड यांच्यासारख्या काहींना वेदरफर्ड यांच्यासोबत वाजवण्याचीही संधी मिळाली. वाझ यांनी आर्मस्ट्राँग यांनाच गुरुस्थानी मानले. ट्रंपेटची धाटणी, खरखरीत आवाजातील गायन, मंचावरील हातरुमाल हे सारे त्यांनी उचलले. याला नक्कल म्हणता येईल. परंतु समोर गुरू नसलेल्या विद्यार्थ्याला नक्कल हाच पहिला धडा होता.

== वाद्यवृंद ==
इ.स. १९४० च्या दशकात 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा त्यांचा वाद्यवृंद प्रसिद्धीस आला. दशकाच्या मध्यास ते ताजमहाल हॉटेलात अकरा वादकांच्या वाद्यवृंदाचे नेतृत्व करीत होते. मुंबई राज्यात इ.स. १९४९ चा दारूबंदी कायदा लागू झाल्यानंतर नृत्यगृहांचा व्यवसाय मंदावला आणि अनेक वादक चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणाकडे वळले.

== चित्रपटसंगीत ==
संगीतकार सी. रामचंद्र यांचे सहायक म्हणून वाझ यांनी काम केले. मूळचे पुणतांब्याचे रामचंद्र नरहर चितळकर पुण्याच्या गांधर्व महाविद्यालयात विनायकबुवा पटवर्धन यांच्याकडे शिकलेले. चाल त्यांची असे. स्वरसंघ, वाद्यांची वाटणी आणि पाश्चात्त्य लयींचा पेहराव या बाबतीत वाझ यांच्यासारख्या वादकांचे ज्ञान उपयोगी पडे. एकाला सरगम अवगत, दुसऱ्याला स्वरलिपी. गाणे दोहोंच्या मध्ये आकार घेई. 'अलबेला' (इ.स. १९५१) या चित्रपटातील एका नृत्यगीतात वाझ व त्यांचे वादक झालरीच्या बाह्यांच्या क्यूबन धाटणीच्या पोशाखात पडद्यावरही दिसतात.

श्रेयाची वाटणी मात्र समान नव्हती. त्या काळी वाद्यरचनाकारांचे नाव श्रेयनामावलीत आलेच तर सहायक म्हणून येई, आणि वादकांचे बहुधा येतच नसे. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड या सर्वांच्या वाट्याला थोड्याफार फरकाने हेच आले. ध्वनिमुद्रिकेवर संगीतकाराचे व गायकाचे नाव छापले जाई. त्यामुळे एखाद्या गीतातील ट्रंपेटचा तुकडा कोणी रचला हे आज नेमके ठरवणे अनेकदा शक्य होत नाही. वाझ यांना स्वतंत्र संगीतकार म्हणून 'नादान' (इ.स. १९५१), 'रंगीली' (इ.स. १९५२) आणि 'कर भला' (इ.स. १९५६) हे चित्रपट मिळाले, पण त्या क्षेत्रात त्यांचा जम बसला नाही.

== अखेरची वर्षे ==
चेतन आनंद दिग्दर्शित आणि खय्याम यांचे संगीत असलेल्या 'आखरी खत' (इ.स. १९६६) या चित्रपटातील क्लबच्या दृश्यात, पडद्यावर गाणारे तरुण गायक व गिटारवादक भूपिंदर सिंग यांच्यासोबत वाझ ट्रंपेट वाजवताना दिसतात. पुढील वर्षी, मे महिन्यात त्यांचे निधन झाले. नरेश फर्नांडिस यांच्या मुंबईतील जॅझविषयीच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या ग्रंथात त्यांच्या कारकिर्दीची नोंद आहे.