सँडो बनियन ज्याच्या नावावरून आलं, तो युजेन सँडो कोण होता?

आपण ज्याला सँडो बनियन म्हणतो, त्याचं नाव एका पैलवानावरून आलं असं मानलं जातं. तो म्हणजे युजेन सँडो. घरच्या घरी डंबेल्स घेऊन व्यायाम करायची सवय जगाला लावण्यात त्याचा मोठा वाटा आहे.

त्याचा जन्म 1867 साली प्रशियातल्या कोनिग्सबर्गमध्ये झाला. खरं नाव फ्रीडरिश विल्हेल्म म्यूलर. 1889 मध्ये लंडनच्या रंगमंचावर त्याने सॅमसन नावाच्या नावाजलेल्या ताकदवानाला हरवलं आणि एका रात्रीत त्याचं नाव झालं. 1894 मध्ये एडिसनच्या कंपनीने त्याच्यावर छोटा चित्रपटही काढला.

रंगमंचावर तो अवजड वजनं उचलायचा. पण घरी व्यायाम करणाऱ्यांना त्याचा सल्ला वेगळाच होता. वजन हलकं घ्या, आरशासमोर उभे राहा आणि जो स्नायू काम करतोय त्याच्याकडे लक्ष द्या. त्याने स्प्रिंगचे डंबेल्सही विकायला काढले. ते सतत आवळून धरावे लागत, त्यामुळे लक्ष दुसरीकडे जायचंच नाही.

1901 मध्ये त्याने लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये शरीरसौष्ठव स्पर्धा भरवली. परीक्षकांमध्ये शेरलॉक होम्सचे लेखक आर्थर कॉनन डॉयल होते. 1904-05 च्या दौऱ्यात तो भारतात आला, मुंबईतही त्याचे खेळ झाले.

पहिल्या महायुद्धात त्याचा धंदा बुडाला. 1925 मध्ये, 58 व्या वर्षी तो गेला. खड्ड्यात गेलेली मोटार एका हाताने उचलल्यामुळे तो गेला, अशी कथा लोकांनी रंगवली. प्रत्यक्षात मुख्य रक्तवाहिनीच्या विकाराने तो गेल्याचं सांगितलं जातं. त्याच्या थडग्यावर कित्येक वर्षं साधा दगडही नव्हता. आज मिस्टर ऑलिम्पियाच्या विजेत्याला मात्र त्याचाच पुतळा मिळतो.

लोकांच्या लक्षात मोटार राहिली, हलके डंबेल्स विसरले गेले. आज घरी केटलबेल स्विंग करताना नेमकी हीच चूक होते. आधी जड वजन घेतलं जातं, मग ते हातांनी ओढलं जातं आणि कंबर धरते. खरं तर पाठ सरळ ठेवून नितंब मागे न्यायचे आणि तिथूनच झटका देत उभं राहायचं. हात फक्त दोरीसारखे. हे जमेपर्यंत वजन हलकंच बरं. सँडोने सव्वाशे वर्षांपूर्वी घरच्या व्यायामाबद्दल हेच सांगितलं होतं.