तुळई मधूनच का चिरते? उत्तर शोधणारा रशियन इंजिनिअर

एक जाडजूड पुस्तक दोन्ही हातांनी वाकवून बघा. पानं एकमेकांवरून सरकतात. वजन आलं की तुळईच्या आतही हेच होऊ पाहतं. त्यातून तयार होणारा ताण म्हणजे शिअर स्ट्रेस.

दिमित्री झुराव्स्की १८२१ साली रशियात जन्मले. १८४२ मध्ये सेंट पीटर्सबर्गला इंजिनिअर झाले आणि मॉस्कोकडे जाणाऱ्या नव्या रेल्वेच्या कामाला लागले. पूल लाकडाचे होते आणि वरून रेल्वे धावणार होती. लाकूड रेषांच्या दिशेने चटकन चिरतं, त्यामुळे हिशोब चुकला तर गाडीच खाली.

झुराव्स्कींनी गणित मांडलं. चौकोनी तुळईत हा ताण वर आणि खाली शून्य, तर बरोबर मध्यावर सरासरीच्या दीडपट असतो.

पुढे त्यांनी पुलाचं मॉडेल केलं, सळ्यांच्या जागी तारा लावल्या आणि चक्क व्हायोलिनचा गज फिरवला. आधाराजवळच्या तारांचा सूर चढा लागला, म्हणजे तिथे जोर जास्त.

१८५१ मध्ये रेल्वे सुरू झाली. १८९१ मध्ये झुराव्स्की गेले. त्यांचं सूत्र मात्र आजही सिव्हिल आणि मेकॅनिकलची पोरं परीक्षेत सोडवतात.