एदुआर ल्युका : ३९ अंकी संख्येचा निकाल लावणारा गणिती

दोन ही संख्या १२७ वेळा घेऊन त्यांचा गुणाकार केला आणि त्यातून एक वजा केला, की १७०१४११८३४६०४६९२३१७३१६८७३०३७१५८८४१०५७२७ ही ३९ अंकी संख्या मिळते. एक आणि स्वत: ती संख्या यांखेरीज तिला कशानेही नि:शेष भाग जात नाही, म्हणजेच ती मूळ संख्या आहे. हे १८७६ साली कोणत्याही यंत्राच्या साहाय्याविना सिद्ध केले, ते फ्रेंच गणितज्ञ एदुआर ल्युका यांनी.

ल्युका यांचा जन्म ४ एप्रिल १८४२ रोजी आमिएँ येथे झाला. उच्च शिक्षणानंतर त्यांनी पॅरिसच्या वेधशाळेत काम केले. १८७०-७१ च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात ते तोफखान्याचे अधिकारी होते. युद्ध संपल्यावर त्यांनी शिक्षकी पेशा पत्करला आणि पुढे पॅरिसमधील नामवंत विद्यालयांत गणित शिकवले.

मारँ मर्सेन या धर्मोपदेशकाने १६४४ साली अशा संख्यांची यादी प्रसिद्ध केली होती. त्यात ६७ आणि १२७ हे दोन्ही घातांक होते. सिद्धता मात्र नव्हती. एकेका संख्येने भागून पाहणे अशक्य होते, कारण या ३९ अंकी संख्येचे वर्गमूळच २० अंकी आहे. ल्युका यांनी भागाकाराची वाटच सोडली. तीनपासून आरंभ करायचा, प्रत्येक पदाचा वर्ग करून त्यातून दोन वजा करायचे आणि मूळ संख्येने भागून केवळ बाकी ठेवायची. १२६ व्या पदाला बाकी शून्य उरली, तर संख्या मूळ. घातांक ७ घेऊन मिळणाऱ्या १२७ या संख्येसाठी ३, ७, ४७, ४८, १६ अशी पदे येतात आणि सहाव्या पदाला शून्य उरते.

याच विचाराने घातांक ६७ ची संख्या मूळ नाही, हेही त्यांनी दाखवले. तिचा एकही अवयव हाती नसताना! १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७ हे तिचे अवयव अमेरिकेचे फ्रँक कोल यांनी १९०३ साली मांडले.

फिबोनाची श्रेणीला ते नाव रूढ केले ते ल्युका यांनीच. १८८३ साली त्यांनी 'हनोईचा मनोरा' हे कोडे बाजारात आणले. काशीच्या मंदिरातील ६४ सुवर्णचकत्यांची दंतकथा याच कोड्याशी जोडली गेली. त्या सर्व चकत्या हलवण्यास १८४४६७४४०७३७०९५५१६१५ खेळी लागतात.

१८९१ साली एका मेजवानीत फुटलेल्या बशीचा तुकडा उडून त्यांच्या गालाला जखम झाली. जखम चिघळली आणि ३ ऑक्टोबर रोजी वयाच्या अवघ्या ४९ व्या वर्षी त्यांचे निधन झाले.

त्यांच्या ३९ अंकी संख्येचा विक्रम १९५१ पर्यंत, म्हणजे ७५ वर्षे अबाधित राहिला. त्यांची कसोटी अमेरिकी गणितज्ञ लेमर यांनी १९३० साली अधिक सुटसुटीत केली. २०२४ मध्ये सापडलेल्या चार कोटींहून अधिक अंकी मूळ संख्येची पडताळणीही संगणकांनी याच कसोटीने केली. फुटक्या बशीने आयुष्य अकाली संपवले. पद्धत मात्र टिकून राहिली.