गुरूविना सिद्ध झालेला प्रबंध

परतवाड्यातील एखाद्या विद्यार्थ्याला आज मनोविश्लेषणावर पीएच.डी. करायची असेल, तर अमरावती विद्यापीठाची वाट त्याला ठाऊक असते. मार्गदर्शक शोधता येतो, सिग्मंड फ्रॉइड यांचे ग्रंथही घरबसल्या मिळतात. शंभर वर्षांपूर्वी डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी कलकत्त्यात हाच विषय हाती घेतला, तेव्हा देशात तो शिकविणारा कोणी नव्हता. ज्याच्या सिद्धांतावर लिहायचे तो शास्त्रज्ञ दूर व्हिएन्नात होता आणि त्याचे मोजकेच लेखन इंग्रजीत आले होते.

गिरींद्रशेखर यांचा जन्म ३० जानेवारी १८८७ रोजी बिहारमधील दरभंगा येथे झाला. वडील दरभंग्याच्या महाराजांकडे दिवाण होते. विख्यात बंगाली विनोदकार आणि कोशकार राजशेखर बोस हे त्यांचे थोरले बंधू. रसायनशास्त्राची पदवी घेतल्यावर गिरींद्रशेखर वैद्यकाकडे वळले आणि १९१० मध्ये डॉक्टर झाले. जादूचे प्रयोग, संमोहन आणि योग यांची त्यांना तरुणपणापासून ओढ होती. त्यातूनच ते मनोरुग्णांच्या उपचारांकडे वळले.

कलकत्ता विद्यापीठाने १९१६ मध्ये मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. चांगला जम बसलेला व्यवसाय सांभाळून या डॉक्टरने तेथे नाव घातले, एम.एस्सी. पूर्ण केली आणि त्याच विभागात ते अध्यापन करू लागले. १९२१ मध्ये दमनाच्या संकल्पनेवरील प्रबंधासाठी त्यांना डी.एस्सी. पदवी मिळाली. भारतीय विद्यापीठाने मानसशास्त्रात दिलेली ही पहिली डॉक्टरेट मानली जाते.

समाजाला न रुचणारी इच्छा मनाच्या तळाशी ढकलली जाते, असे दमनाचे सर्वसाधारण स्पष्टीकरण आहे. बोस यांनी त्याची निराळी मांडणी केली. प्रत्येक इच्छेसोबत तिची विरुद्ध इच्छाही मनात असते. दुसऱ्याला मारावे असे वाटणाऱ्याच्या मनात मार खाण्याची इच्छाही दडलेली असते. त्यांतील एक जाणिवेत राहते, दुसरी दबते. रुग्णाला दोन्हींची ओळख पटली, की मनाची गाठ सुटते, असे त्यांचे प्रतिपादन होते.

प्रबंधाची प्रत त्यांनी फ्रॉइड यांना पाठविली. आपला विचार इतक्या दूर पोहोचल्याचे पाहून फ्रॉइड यांना आश्चर्य वाटले. तेव्हा सुरू झालेला पत्रव्यवहार पुढे दीड दशक चालला. मात्र दोघांची भेट कधीच झाली नाही. १९२२ मध्ये बोस यांनी पारशीबागान गल्लीतील आपल्या घरी भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. तिला आंतरराष्ट्रीय संघटनेची मान्यता मिळाली आणि अखेरपर्यंत तेच तिचे अध्यक्ष राहिले.

परंतु बोस केवळ अनुयायी नव्हते. युरोपीय रुग्णांत फ्रॉइड यांना आढळलेली भीती आपल्या भारतीय रुग्णांत तितकी तीव्र दिसत नाही, असे त्यांनी १९२९ मध्ये थेट फ्रॉइड यांनाच कळविले. पिता-पुत्र संघर्षाच्या प्रसिद्ध सिद्धांतालाही त्यांनी आपल्या अनुभवाची कसोटी लावली. फ्रॉइड यांनी या फरकाची दखल घेतली, पण बोस यांचा विरुद्ध इच्छांचा सिद्धांत त्यांनी आपलासा केला नाही. या मतभेदाने स्नेहात अंतर आले नाही. फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीला, १९३१ मध्ये, कलकत्त्याहून हस्तिदंती विष्णुमूर्ती भेट गेली. लंडनमधील फ्रॉइड संग्रहालयात ती आजही आहे.

बोस यांनी ही विद्या ग्रंथांत कोंडून ठेवली नाही. १९३३ मध्ये कारमायकेल वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात त्यांनी मनोरुग्णांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. सर्वसाधारण रुग्णालयातील असा तो देशातील पहिलाच विभाग होता. राजशेखर यांनी दिलेल्या जागेत १९४० मध्ये लुंबिनी पार्क मनोरुग्णालय उभे राहिले, तेही अवघ्या तीन खाटांवर. ‘समीक्षा’ हे नियतकालिक १९४७ मध्ये निघाले. स्वप्न, पुराणे आणि गीता यांवर त्यांनी बंगालीत लेखन केले.

३ जून १९५३ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या सिद्धांताला पाश्चात्त्य जगात फारसे अनुयायी लाभले नाहीत. तथापि, परदेशातून आलेले शास्त्र जसेच्या तसे न स्वीकारता, समोर बसलेल्या माणसाचे ऐकून ते तपासावे, हा त्यांचा धडा भारतीय संशोधकांसाठी अजूनही मोलाचा आहे.