कर्नलची जखम

परवा धाकट्या लेकीचा वाढदिवस झाला. मुलं घरी गेल्यावर मी आणि सासूबाई रिकाम्या बाटल्या गोळा करत होतो. त्यातली एक उजेडात धरून त्यांनी विचारलं, की हे काळं पाणी पहिल्यांदा कुणाला सुचलं असेल गं? जॉन पेम्बर्टनची गोष्ट मी वाचलेली होती. हातातली पिशवी तशीच ठेवून सांगायला बसले.

हा माणूस अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यातला, जन्म 1831 चा. शिकला औषधांचं, धंदाही औषधांचाच. 1853 मध्ये क्लिफशी लग्न झालं, वर्षभरात चार्ली झाला. एकुलता एक. सगळं बरं चाललेलं असताना 1861 मध्ये यादवी युद्ध पेटलं. हा लढला दक्षिणेकडून, म्हणजे गुलामगिरी टिकवू पाहणाऱ्यांच्या बाजूनं. तेही सांगायलाच हवं. 9 एप्रिल 1865 ला दक्षिणेचे जनरल ली शरण आले. युद्ध संपल्यातच जमा होतं. आणि त्यानंतर आठवड्याभरानं कोलंबसच्या लढाईत या लेफ्टनंट कर्नलच्या छातीवर तलवारीचा वार बसला.

जीव वाचला. पण दुखणं सोसवेना म्हणून मॉर्फिन घेतलं, आणि ते काही सुटलं नाही. युद्धावरून परतलेल्या कितीतरी सैनिकांची तेव्हा हीच गत झाली होती. हा तर स्वतःच औषधं बनवणारा! मॉर्फिनची सवय मोडेल असं काहीतरी तो शोधत राहिला.

1885 मध्ये अटलांटात त्यानं 'फ्रेंच वाइन कोका' काढलं. वाइनमध्ये कोकाच्या पानांचा अर्क. कोकेन याच पानांतून येतं, पण तेव्हा ते मॉर्फिनच्या सवयीवर उतारा समजलं जाई. एका नशेवर दुसरी नशा! पुढच्याच वर्षी अटलांटात दारूबंदी आली. मग त्यानं वाइन काढून टाकली, साखर घातली आणि सोड्यात मिसळायचा पाक बनवला. 8 मे 1886 ला जेकब्ज यांच्या औषधाच्या दुकानात 5 सेंटला एक ग्लास अशी विक्री सुरू झाली. कोका-कोला हे नाव आणि ती वळणदार अक्षरं मात्र त्याचा हिशेब बघणाऱ्या फ्रँक रॉबिन्सनची. पहिल्या वर्षी दिवसाला जेमतेम 9 ग्लास खपायचे. कोकेन त्यातून पुढे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काढलं गेलं.

तोवर पेम्बर्टन खंगला होता. पोटाचा कॅन्सर, पैशाची चणचण, त्यात मॉर्फिन. पेयाचे हक्क त्यानं थोडे थोडे करून विकून टाकले. ऑगस्ट 1888 मध्ये तो गेला. एसा कँडलर या व्यापाऱ्यानं सगळे हक्क मिळून सुमारे 2300 डॉलरमध्ये गोळा केले आणि त्यावर साम्राज्य उभं केलं.

माझ्या मते गोष्ट इथे संपली होती. पण सासूबाईंनी विचारलं, बायकोचं काय झालं? मुलाचं?

चार्लीही नशेतच गेला, 1894 मध्ये. क्लिफ त्यानंतर 15 वर्षं जगली. गरिबीत.

सासूबाई बराच वेळ गप्प होत्या. माझ्या धाकट्या दिरांचा स्कूटरवरून अपघात झाला होता. कंबरेच्या दुखण्यावर गोळ्या सुरू झाल्या. दुखणं थांबलं तरी गोळ्या थांबल्या नाहीत. भाऊजींना जाऊन आता अकरा वर्षं होतील. आम्ही घरात त्याबद्दल बोलत नाही. लोकांना अपघातच सांगतो.

त्या रात्री पहिल्यांदाच त्या बोलल्या. पर्समधले पैसे कमी व्हायचे ते कळत होतं, म्हणाल्या, पण पोराला दुखतंय ना, म्हणून गप्प बसले. वेदनेवर औषध द्यायलाच हवं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवं, हे त्यांनाही पटतं. पण सवय लागतेय असं दिसल्यावर लाजेखातर झाकू नये, एवढं इतर आयांना सांग, म्हणाल्या.

म्हणून हे लिहिलं. त्यांना विचारूनच.