गाडीचं टायमिंग आणि चार्ल्स केटरिंग: हँडलचा जीवघेणा झटका संपवणारा इंजिनिअर

जुन्या बुलेटची किक उलटी बसून पाय सुजलेला एक तरी माणूस तुमच्या ओळखीत असेलच. मेकॅनिक पाहतो आणि सांगतो, टायमिंग चुकलंय. शंभरेक वर्षांपूर्वी मोटारीचा असाच झटका हात मोडायचा, कधी जीवही घ्यायचा. तो त्रास संपवणाऱ्या माणसाची ही गोष्ट.

कोण होते केटरिंग?

चार्ल्स केटरिंग यांचा जन्म २९ ऑगस्ट १८७६ रोजी अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, शेतकरी कुटुंबात झाला. नजर कमजोर होती. डोळ्यांच्या त्रासामुळे कॉलेज अर्धवट सोडावं लागलं, मग त्यांनी टेलिफोनच्या तारा टाकणाऱ्या टोळीत काम केलं. पुन्हा कॉलेजला जाऊन १९०४ मध्ये इंजिनिअर झाले. डेटन शहरातल्या कॅश रजिस्टर बनवणाऱ्या कंपनीत त्यांनी हाताने चालणाऱ्या गल्ल्याला छोटी इलेक्ट्रिक मोटर बसवली.

ठिणगी कधी पडते, ते महत्त्वाचं

नोकरीनंतर संध्याकाळी, मित्र एडवर्ड डीड्स यांच्या घरामागच्या कोठारात ते गाडीच्या इग्निशनवर काम करायचे. त्यातूनच १९०९ मध्ये डेल्को कंपनी उभी राहिली.

त्यांची पद्धत अशी: पॉइंट मिटलेले असताना बॅटरीचा करंट कॉइलमधून वाहतो. पॉइंट उघडले की करंट तुटतो, कॉइलमधलं चुंबकीय क्षेत्र एकदम कोसळतं, हजारो व्होल्ट तयार होतात आणि प्लगवर ठिणगी पडते. म्हणजे पॉइंट उघडण्याचा क्षण हाच ठिणगीचा क्षण.

पळत्या इंजिनात ही ठिणगी पिस्टन अगदी वर पोचण्याच्या थोडी आधी लागते. पण हँडल हळू फिरवताना ती लवकर पडली, तर स्फोट पिस्टनला उलटा ढकलतो आणि हँडल हातावर आदळतं. म्हणून त्या काळी गाडी सुरू करण्याआधी ड्रायव्हरला एक दांडी सरकवून ठिणगी उशिरा पाडावी लागे. विसरला की संपलं!

हँडलला रामराम

कॅडिलॅकचे प्रमुख हेन्री लेलँड यांचे मित्र बायरन कार्टर १९०८ मध्ये वारले. असं सांगतात, की रस्त्यात बंद पडलेली दुसऱ्याची गाडी सुरू करून देताना हँडल उलटं फिरून त्यांना लागलं होतं. लेलँड यांना हँडल नकोच होतं.

इंजिन फिरवायला प्रचंड मोठी मोटर लागेल, असं अनेकांना वाटायचं. केटरिंग यांना गल्ला आठवला. मोटर दिवसभर थोडीच चालवायची आहे? काही सेकंद जास्त भार दिला तरी छोटी मोटर टिकते. १९१२ च्या कॅडिलॅकमध्ये त्यांचा सेल्फ-स्टार्टर आला. तीच मोटर नंतर जनरेटर बनून बॅटरी चार्ज करायची.

आळ आणि डाग

पुढे इंजिनात खटखट आवाज येऊ लागला आणि दोष केटरिंग यांच्या इग्निशनवर आला. त्यांनी सहकारी थॉमस मिजली यांना शोधायला लावलं. दोष इंधनाचा निघाला. ठिणगीनंतर उरलेलं इंधन आपोआप भडकत होतं. १९२१ मध्ये त्यावर उपाय सापडला, पण तो होता शिशाचं संयुग. १९२४ मध्ये ते बनवणारे कामगार विषबाधेने मेले, तरीही केटरिंग या उपायाच्या पाठीशीच राहिले. भारतात शिसंयुक्त पेट्रोल २००० साली बंद झालं. केटरिंग २५ नोव्हेंबर १९५८ रोजी वारले.

जुनी गाडी सुरूच होत नाही?

केटरिंग यांच्या पद्धतीची पॉइंटवाली गाडी घरी असेल तर या क्रमाने बघा:

१. प्लग काढून कॅपमध्ये लावा, इंजिनच्या धातूला टेकवा आणि किक मारा. ठिणगी दिसते का? जवळपास पेट्रोल नको, हात धातूला नको.
२. ठिणगी नसेल तर बॅटरी, वायर, पॉइंटवरची काजळी आणि कंडेन्सर तपासा.
३. ठिणगी आहे, पेट्रोलही येतंय, तरी गाडी सुरू होत नाही? मग पॉइंटचा गॅप मोजा. पॉइंट झिजून गॅप कमी झाला की ठिणगी उशिरा पडते, गॅप वाढला की लवकर.
४. आधी गॅप, मगच टायमिंगची खूण जुळवा. उलट केलंत तर टायमिंग पुन्हा हलेल.

आजच्या गाडीत पॉइंटचं काम सेन्सर आणि कॉम्प्युटर करतात. पण करंट तोडून कॉइलमधून ठिणगी काढायची युक्ती अजून तीच आहे. पुढच्या वेळी बटण दाबाल तेव्हा ते कोठार आठवा!