वनवृक्षांचा वैद्य : रॉबर्ट हार्टिग

जुन्या झाडाच्या खोडावर फळीसारखी आडवी वाढलेली अळंबी आपण सर्वांनीच पाहिली असेल. झाड कुजले म्हणून ती उगवली, की ती शिरली म्हणून झाड कुजले? या साध्या प्रश्नाचे सप्रमाण उत्तर देणारे शास्त्रज्ञ म्हणजे रॉबर्ट हार्टिग.

३० मे १८३९ रोजी जर्मनीतील ब्राउनश्वाइग येथे त्यांचा जन्म झाला. आजोबा गेओर्ग लुडविग हे प्रशियाचे नामांकित वनाधिकारी, तर वडील थिओडोर वनशास्त्राचे प्राध्यापक होते. वडिलांनी १८३३ मध्येच कुजक्या लाकडात सूक्ष्म तंतू पाहिले होते. परंतु कुजणाऱ्या लाकडातूनच ते आपोआप उपजतात, असा त्यांचा समज झाला.

रॉबर्ट पुढे एबर्सवाल्डच्या वनविद्यालयात शिकवू लागले. तेथे त्यांनी रोगट झाडे चिरून सूक्ष्मदर्शकाखाली तपासली. आतील तंतू आणि बाहेरील अळंबी ही एकाच बुरशीची दोन रूपे आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. तुटलेल्या फांदीच्या जखमेतून बुरशी आत शिरते, वर्षानुवर्षे गाभा पोखरते आणि मग खोडावर अळंबी धरते. म्हणजे ती दिसते तेव्हा रोग बराच जुना झालेला असतो! रोगट झाडांच्या सालीखाली वहाणेच्या वादीसारखे काळे दोर आढळत. त्यांना निराळीच बुरशी मानले जाई. बुंध्याशी उगवणाऱ्या मधाच्या रंगाच्या छत्रीचेच ते अंग आहे, हेही त्यांनी सिद्ध केले. हे संशोधन १८७४ च्या ग्रंथात आले.

१८७८ च्या ग्रंथात त्यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट मांडली. प्रत्येक बुरशी लाकूड आपल्या विशिष्ट पद्धतीने कुजवते. पाइनच्या एका बुरशीने गाभ्यात लहान लहान पांढरे खळगे पडतात, तर दुसऱ्या काहींनी लाकूड तपकिरी होऊन त्याचे चौकोनी तुकडे पडतात. त्यामुळे अळंबी नसली तरी लाकडावरून रोग ओळखण्याचा मार्ग सापडला. त्याच वर्षी ते म्युनिकला प्राध्यापक झाले. १८८२ मध्ये त्यांनी वृक्षरोगांवर पाठ्यपुस्तक लिहिले. ९ ऑक्टोबर १९०१ रोजी त्यांचे निधन झाले.

हे दोन्ही ग्रंथ निघाले तेव्हा वडील हयात होते. घरात दोन पिढ्यांची विद्या असूनही रॉबर्ट यांनी ती पारखूनच घेतली. आमच्यापैकी अनेकांच्या घरी असा वारसा नाही. परंतु समोरचे झाड नीट पाहून प्रश्न विचारण्याला वारसा लागत नाही.